प्रिदी बनोम्योंग : थायलंडचा हद्दपार शिल्पकार

थायलंड म्हटलं की आपल्याला बँकॉक आठवतं, पट्टाया आठवतं. पण त्या देशात लोकशाही आणणाऱ्या माणसाचं नाव किती जणांनी ऐकलंय?

प्रिदी बनोम्योंग यांचा जन्म ११ मे १९०० रोजी अयुथ्थया इथे, भातशेती करणाऱ्या घरात झाला. हुशार मुलगा शिष्यवृत्तीवर कायदा शिकायला फ्रान्सला गेला. तिथे १९२७ साली सात तरुणांनी पॅरिसमध्ये बसून 'लोकपक्ष' काढला. पाचच वर्षांनी, २४ जून १९३२ च्या पहाटे, या पक्षाने जवळजवळ रक्त न सांडता राजाची अनियंत्रित सत्ता संपवली. लष्कराची बाजू इतरांनी सांभाळली, विचार मात्र प्रिदींचा होता.

१९३३ मध्ये त्यांनी आर्थिक योजना मांडली. सरकारने रोख्यांच्या बदल्यात शेतजमीन घ्यावी आणि लोकांना कामाची हमी द्यावी, असं त्यात होतं. झालं! कम्युनिस्ट म्हणून शिक्का बसला आणि काही महिने देश सोडावा लागला. पण परत आल्यावर गडी गप्प बसला नाही. नुसती राज्यघटना देऊन भागत नाही, ती लोकांना समजली पाहिजे, म्हणून १९३४ मध्ये त्यांनी थम्मासात विद्यापीठ काढलं. प्रवेश सर्वांना खुला! परराष्ट्रमंत्री असताना त्यांनी परकीय देशांशी झालेले जाचक करार बदलून घेतले.

दुसऱ्या महायुद्धात थायलंड सरकारने जपानशी हातमिळवणी केली. प्रिदी तेव्हा राजप्रतिनिधी होते. वर मानाचं पद आणि आतून 'रूथ' या टोपणनावाने जपानविरोधी 'स्वतंत्र थाई' चळवळीचं नेतृत्व, असा दुहेरी खेळ ते खेळले.

१९४६ मध्ये ते पंतप्रधान झाले. पण त्याच वर्षी ९ जूनला तरुण राजा आनंद महिडोल राजवाड्यात गोळी लागून मरण पावले. विरोधकांनी संशय प्रिदींवर ढकलला. तो कधीच सिद्ध झाला नाही, पण नोव्हेंबर १९४७ च्या लष्करी बंडानंतर त्यांना पळावं लागलं. १९४९ मध्ये सत्ता परत मिळवायचा प्रयत्न फसला. मग वीसेक वर्षं चीनमध्ये आणि शेवटी पॅरिसजवळ काढली. २ मे १९८३ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

मायदेशी परतणं त्यांच्या नशिबी नव्हतं. पण ऑक्टोबर १९७३ मध्ये लष्करी राजवट उलथवणारं विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं ते थम्मासातच्याच आवारातून! तीन वर्षांनी तिथेच विद्यार्थ्यांवर गोळ्याही झाडल्या गेल्या. त्यानंतरही थायलंडमध्ये बंडं झाली, राज्यघटना बदलत राहिल्या. प्रिदींनी उभारलेलं विद्यापीठ मात्र आजही चालू आहे. मित्रांनो, कॉलेज म्हणजे फक्त डिग्री आणि कॅम्पस इंटरव्ह्यू नव्हे, हे यावरून कळायला हरकत नाही.