फाळकेंचे डोळे आणि वाटाण्याचा कोंब

सिनेमाच्या वेडात १९११च्या सुमारास दादासाहेब फाळकेंची दृष्टीच गेली होती. उपचार झाले, तीन-चार चष्मे लागले, तेव्हा कुठे दिसू लागलं. चष्म्याचं भिंग प्रकाशकिरण वळवून दृष्टिपटलावर नेमके जुळवतं. कॅमेऱ्याचं भिंगही तेच करतं, फक्त तिथे पटलाऐवजी फिल्म असते!

विम्याची पॉलिसी गहाण टाकून दादासाहेब १९१२ मध्ये लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले. मग कुंडीत वाटाणा पेरला आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम टिपत बसले. काय चिकाटी म्हणायची! कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर झरझर दिसली आणि पैसे लावणारा माणूस पटला. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. ३ मे १९१३ला गिरगावात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.