कर्करोगाच्या मुळाशी : डॉ. कमल रणदिवे

मित्रांनो, मेकॅनिकलच्या पोरानं कॅन्सरवर लेख लिहिलाय म्हणून दचकू नका! आमचं आयुष्य लेथ, थर्मो आणि सबमिशनच्या फाइलींत चाललंय. पेशी आणि विषाणू यांच्याशी आपला संबंध संपला, असं मी बारावीनंतर धरूनच चाललो होतो. पण हा विषय एक दिवस सरळ आमच्या घरात येऊन बसला.

आम्ही सातपूरला राहतो. वडील एमआयडीसीत कामाला. मागच्या वर्षी माझी मावशी ऑपरेशननंतर आमच्याकडे राहायला आली. तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता. दुसऱ्याच दिवशी आजीनं तिचं ताट, वाटी आणि पेला वेगळा काढला. कुणी काही बोललं नाही. खरं सांगायचं तर मीही तिच्या बाटलीतलं पाणी प्यायचं टाळायला लागलो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असून!

एका रात्री मावशीनं मला हळूच विचारलं, की पोरीला मी दीड वर्ष अंगावर पाजलंय, माझं दुखणं तिला तर गेलं नसेल ना? तू शिकतोयस, बघ ना कुठं काही लिहिलंय का.

मी शोधायला बसलो आणि पहिल्याच फटक्यात घाबरलो. कारण उंदरांमध्ये स्तनाचा कर्करोग आईच्या दुधातून पिल्लांपर्यंत पोचतो, असं चक्क लिहिलेलं होतं! आणि या विषयावर आयुष्यभर काम करणारं एक नाव मराठी होतं, डॉ. कमल रणदिवे. मग आठवलं, ८ नोव्हेंबर २०२१ ला गूगलच्या पहिल्या पानावर सूक्ष्मदर्शकाजवळच्या एका बाईंचं चित्र होतं, त्या याच. तेव्हा मी ते बघून पुढे गेलो होतो. या वेळी थांबलो.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याचा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलींना शिकवून काय करायचं, असं म्हणणाऱ्या त्या काळात त्यांनी आपल्या सगळ्या मुलांना शिकवलं. कमलताई हुजूरपागेत शिकल्या, मग फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं. वडिलांची इच्छा होती की मुलीनं डॉक्टर व्हावं. तिनं मात्र वेगळी वाट धरली. १९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्या एम.एस्सी. झाल्या. विषय काय, तर सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं! पुढे आयुष्यभर कर्करोगाच्या पेशी बघायच्या असतील, असं तेव्हा कुणाला वाटलं असेल का? १९३९ साली त्यांचं लग्न ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी झालं होतं. ते गणिताचे. बायकोच्या पुढच्या शिक्षणाला त्यांनी अभ्यासातही मदत केली.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये काम करू लागल्या. हे हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालेलं, म्हणजे अगदी नवं. तिथं त्यांना गुरू भेटले डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या विकृतिशास्त्राचे आणि कर्करोग संशोधनाचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. कुणाला कुठला कॅन्सर होतो, त्यांच्या खाण्यापिण्याच्या सवयी काय, चालीरीती काय, याच्या नोंदी ठेवायचा खानोलकरांचा आग्रह असे. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

त्यानंतर त्या फेलोशिपवर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला, डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून घेतलेल्या पेशी काचेच्या नळीत वाढल्या आणि आजपर्यंत जगभर वाढतायत. त्याच ‘हेला’ पेशी. पुढे १९८० च्या दशकात त्या पेशींत एचपीव्ही विषाणूचे अंश सापडले!

तिथं शिकलेलं तंत्र म्हणजे टिश्यू कल्चर. शरीरातल्या पेशी बाहेर काढून काचेच्या भांड्यात जगवायच्या. ऐकायला सोपं वाटतं. पण पेशींना शरीराइतकीच ऊब लागते, नेमकं पोषण लागतं, आणि एक जंतू आत शिरला की आठवड्यांची मेहनत पाण्यात जाते. आपल्या वर्कशॉपमध्ये जॉब बिघडला तर दुसरा रॉड मिळतो, इथं तेही नाही. इतकं शिकल्यावर तिकडेच राहता आलं असतं. पण त्या परत आल्या. १९५२ मध्ये खानोलकरांनी उभ्या केलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा सुरू केली. पुढे १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या संचालकपदाची धुराही त्यांनी सांभाळली.

आता येऊ उंदरांकडे. १९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी एक साधा प्रयोग केला होता. ज्या जातीच्या उंदरांच्या माद्यांना स्तनाचा कॅन्सर हमखास होतो, त्यांची पिल्लं जन्मल्याबरोबर उचलली आणि कॅन्सर न होणाऱ्या जातीच्या मादीकडे पाजायला दिली. त्या पिल्लांमधलं कॅन्सरचं प्रमाण एकदम घसरलं. म्हणजे दोष नुसत्या रक्तात नव्हता, दुधातही काहीतरी होतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे एक विषाणू निघाला.

पण गोष्ट इथं संपत नाही, आणि कमलताईंचं काम इथंच महत्त्वाचं आहे. विषाणू असूनही सगळ्या उंदरांना कॅन्सर का होत नाही? नरांना सहसा का होत नाही? मुंबईच्या केंद्रात उंदरांच्या जाती पिढ्यान् पिढ्या जोपासल्या गेल्या. त्यातल्या एका जातीला तर केंद्राच्या नावावरून ‘आयसीआरसी’ असंच नाव पडलं. या उंदरांवर काम करताना कमलताईंनी दाखवलं की विषाणू, शरीरातली संप्रेरकं आणि आनुवंशिक ठेवण यांचा एकमेकांशी संबंध असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर पेट्रोल, हवा आणि ठिणगी! एकट्या पेट्रोलनं इंजिन चालत नाही. हे नातं ओळखणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

मग माणसाचं काय? मावशीचा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. मुंबईत पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त होतं. १९७१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. त्यात पारशी स्त्रियांच्या दुधात विषाणूसारखे कण दिसल्याचं म्हटलं होतं. लेखकांमध्ये मुंबईच्याच संस्थेतल्या, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या डॉ. सत्यवती सिरसाट होत्या. पण कण दिसले म्हणजे ते कॅन्सरचं कारण ठरत नाही, आणि ते कधी सिद्धही झालं नाही. आईचं दूध प्यायलेल्या मुलींना जास्त धोका असतो, असंही अभ्यासांत आढळलं नाही. उलट अंगावर पाजणाऱ्या आईचा स्वतःचा धोका थोडा कमी होतो. हे वाचलं तेव्हा मला रात्री बारा वाजता मावशीला उठवावंसं वाटलं.

मात्र काही विषाणू माणसातही कॅन्सर घडवतात हे आता पक्कं झालंय. एचपीव्हीमुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो, या शोधासाठी हॅराल्ड झूर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. इथंही गंमत तीच. विषाणू शारीरिक संबंधांतून पसरतो, ताट-वाटीतून नाही. तो येतो बहुतेकांना, पण वर्ष-दोन वर्षांत शरीरच त्याला हाकलतं. थोड्या जणींमध्ये तो टिकून राहतो आणि तिथं पुढे कित्येक वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. म्हणजे लागण विषाणूची होते, कॅन्सरची नाही. आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, सव्वा लाखावर स्त्रियांना घेऊन मोठा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे होऊ शकतात, असं त्यातून २००९ मध्ये पुढे आलं. आणि २०२३ पासून पुण्यात बनलेली लसही बाजारात आहे.

कमलताईंचं काम प्रयोगशाळेपुरतं राहिलं नाही. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी संशोधन केलं. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर आराम करायचा की नाही? १९८९ साली, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, अकोले तालुक्यातल्या सत्यनिकेतन संस्थेच्या साथीनं त्या आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती जमवत होत्या. राजूर परिसरातल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण देत होत्या. घोटीवरून आपण भंडारदऱ्याला ट्रिपला जातो ना, त्याच भागात! ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचं निधन झालं.

मी हे सगळं मावशीला सांगितलं. पुढच्या तपासणीला तिनं स्वतः डॉक्टरांनाही विचारलं. त्यांनी दुधाची भीती काढून टाकली, पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली. आईला झालाय म्हणून मुलीनं पुढे तपासणीत हयगय करायची नाही, कारण आनुवंशिकतेचा भाग असू शकतो. मावशी रडली, पण ते सुटका झाल्याचं रडणं होतं.

आजीला समजवायला मात्र उंदीर काही उपयोगी पडले नाहीत. शेवटी एक दिवस मी तिच्यासमोरच मावशीच्या उष्ट्या पेल्यातला उरलेला चहा पिऊन टाकला. आजी काही बोलली नाही. चार दिवसांनी भांडी लावताना बघितलं, तर मावशीचा पेला मांडणीत बाकीच्या पेल्यांमध्ये होता.

मित्रांनो, तुमच्याही घरात असा वेगळा पेला असेल तर तो आजच परत मांडणीत ठेवा. आणि घरात लहान बहीण असेल तर लसीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. लाजू नका, मीही विचारलं!

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल