ओवी-अभंगांत रमलेला ख्रिस्तकवी

अमेरिकन मिशनचे पाऊल अहमदनगरात पडले ते १८३१ साली. या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पण शाळा, छापखाना आणि १८४२ मध्ये इथेच सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ यांमुळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अहमदनगर हे नाव कायमचे कोरले गेले आहे. बोस्टनहून आलेल्या या मंडळींनी ग्रंथ आणले, तशीच आपल्या चर्चची गाणीही आणली. आठ आणि सहा अवयवांच्या आलटूनपालटून येणाऱ्या ओळींचे ते छोटे कडवे न्यू इंग्लंडमधील प्रत्येक प्रार्थनामंदिरात घुमत असे. अॅमहर्स्ट गावची एमिली डिकिन्सन (१८३०-१८८६) लहानपणापासून तेच ऐकत वाढली. पुढे तिने नेमका हाच साचा उचलला, यमके मुद्दाम अर्धवट जुळवली, ओळी मध्येच तोडल्या आणि जगाला अनोळखी वाटेल अशी कविता केली. तिला साचा मोडता आला, कारण तो तिच्या घरचा होता.

नगरमध्ये गोष्ट वेगळी होती. इंग्रजी कडवे आघातांवर चालते, मराठी पद्य अक्षरांवर आणि मात्रांवर. परक्या चालीत बसवलेल्या मराठी गीतांत ऱ्हस्वाचे दीर्घ होई, दीर्घाचे ऱ्हस्व होई आणि भक्ताची जीभ अडखळे. नगरच्याच कृष्णाराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाच्या वाटेने हा अडसर दूर करण्याचा यत्न आधीच आरंभला होता. तथापि मराठी ख्रिस्ती भक्तीला तिची स्वतःची वाणी मिळाली ती नारायण वामन टिळक यांच्यामुळे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील तापट, आई कवितेवर जीव लावणारी. आईच्या मृत्यूनंतर या पोराने घर सोडले आणि नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन झाले. १८८० मध्ये मनकर्णिका गोखले, म्हणजे पुढच्या लक्ष्मीबाई, यांच्याशी विवाह झाला. संसार मात्र एका जागी कधी टिकला नाही. शिक्षकी, कीर्तने, पुराणे, नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथसंपादन, ‘ऋषी’ नावाचे मासिक. टिळक एक काम हाती घेत आणि मन उडाले की दुसरीकडे निघत. मन उडण्याला कारण होते. जातिभेद मोडणारा आणि देशाला उभे करणारा धर्म ते शोधत होते.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परदेशी सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. संस्कृत काव्यापासून सुरू झालेले ते बोलणे धर्मावर आले आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याची किंमत घरी मोजली गेली. लक्ष्मीबाईंना ही वार्ता नंतर कळली आणि पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या नगर जिल्ह्यात पतीपाशी आल्या, तरी प्रारंभी त्यांची चूल निराळी होती आणि सोवळे कडक होते. ते हळूहळू गळून कसे पडले, हे ‘स्मृतिचित्रां’त त्यांनीच सांगितले आहे, आणि तेही स्वतःवर हसत हसत! त्या पुस्तकातले टिळक विसराळू, हट्टी, पैसा हाती न टिकणारे आणि कमालीचे प्रेमळ आहेत. चरित्रकारांच्या टिळकांपेक्षा ते अधिक खरे वाटतात.

नगरच्या धर्मशिक्षण विद्यालयात अध्यापन, पाळकपण आणि पुढे ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन करीत असतानाच त्यांची कविता बहरली. संस्कृत वृत्ते त्यांच्या हाताखालची होती. शाळाशाळांतून पाठ झालेली ‘केवढे हे क्रौर्य!’ ही घायाळ पक्षिणीची कविता पृथ्वी वृत्तात आहे. ‘वनवासी फूल’ आणि मुलांसाठीच्या कविता यांमुळे रसिक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणू लागले. परंतु ख्रिस्ताविषयी लिहायला बसताच ते वृत्तांचा हा दिमाख बाजूला ठेवीत आणि अभंगाकडे वळत. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक, अखेरच्या आखूड चरणात विसावा. शेतकऱ्यापासून शास्त्र्यापर्यंत साऱ्यांच्या ओठी बसलेला हा छंद. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. त्यामुळे ‘अभंगांजली’तला ख्रिस्त माउली होऊन येतो, सखा होऊन येतो, गुरू होऊन येतो. शब्द घरगुती आहेत, अलंकार मोजके आहेत आणि आळवणीत वारकऱ्याचा लडिवाळपणा आहे. मराठी मंडळ्यांच्या उपासना-संगीतात त्यांची अडीचशेच्या आसपास पदे आहेत.

सारेच काव्य एका तोलाचे नाही, हेही खरे. टिळक वेगाने लिहीत. उपदेशाच्या भरात कविता कित्येकदा सैल पडते. निसर्गकवितेत तर त्यांच्याच घरी मुलासारखे राहिलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे त्यांच्या कितीतरी पुढे गेले. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात ज्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, ते हेच. नवशिक्या कवींना आसरा देण्यात टिळकांनी हात कधी आखडता घेतला नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात बालकवी गेले, तेव्हा टिळकांच्या घरातलेच एक माणूस गेले.

ख्रिस्ताला मराठी वेष चढवणाऱ्या या कवीला पुढे चर्चचाही पाश्चात्त्य वेष सलू लागला. १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ते साताऱ्यास गेले आणि संन्यस्त वृत्तीने राहू लागले. ‘देवाचा दरबार’ या त्यांच्या मेळ्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. परदेशी मिशनच्या छायेत वाढलेल्या मंडळींना हे धाडस पेलणे कठीण होते. प्रयोग रुजायला अवधीही मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाला अग्नी देण्यात आला.

मागे राहिले ते अपुरे ‘ख्रिस्तायन’. ख्रिस्तचरित्राच्या या ओवीबद्ध महाकाव्याचे दहा-अकरा अध्यायच टिळकांच्या हातून झाले होते. त्यांना पुढे नेले ते लक्ष्मीबाईंनी. लग्नानंतर पतीकडून अक्षरओळख झालेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी चौसष्ट अध्याय रचले. १९३६ मध्ये त्याही गेल्या. पुत्र देवदत्त यांनी उरलेला भाग जोडला आणि १९३८ साली ‘ख्रिस्तायन’ छापून बाहेर पडले.