मराठीचे पाणिनी : दादोबा पांडुरंग तर्खडकर

गेल्या आठवड्यात परळच्या आमच्या वर्गात एका मुलाने वहीत लिहिलं : 'मला उशीर झाला कारण की लोकल बंद होती.' मी सवयीने 'की'वर लाल रेघ मारली. त्याने विचारलं, घरी तर सगळे असंच बोलतात, मग ही चूक ठरवली कोणी? उत्तर शोधता शोधता मी दादोबांपाशी येऊन पोचले.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. तेव्हा परळला गव्हर्नरचा बंगला होता (आज तिथे हाफकिन संस्था आहे), गिरण्यांचा मागमूसही नव्हता. मराठी शाळा नुकत्या निघत होत्या, पण मुलांना मराठी कोणत्या नियमाने शिकवायची याचा पत्ता नव्हता. विल्यम केरी यांचं १८०५ चं मराठी व्याकरण होतं, पण ते परदेशी माणसाने परदेशी लोकांसाठी लिहिलेलं. पंडितांना व्याकरण म्हणजे संस्कृतचंच वाटे. बोलीला कसले आलेत नियम!

अशा काळात १८३६ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, दादोबांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' छापलं. इंग्रजी व्याकरणाची चौकट आणि संस्कृतची परिभाषा घेऊन त्यांनी आपली भाषा त्यात बसवली. नाम, सर्वनाम, विशेषण इथपासून उभयान्वयी, केवलप्रयोगीपर्यंत ज्या आठ जाती आपण शाळेत पाठ करतो, त्या याच वाटेने आल्या. १८५० साली वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली, १८६५ ला मुलांसाठी लघुव्याकरण. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यातल्या उणिवा दाखवल्या, १९११ साली मोरो केशव दामले यांनी मोठा ग्रंथ लिहिला. पण वाद घालायला समोर काहीतरी असावं लागतं, ते दादोबांनी दिलं.

आता त्या 'की'कडे येऊ. एक वाक्य दुसऱ्याच्या पोटात घालायला मराठीत दोन जोडशब्द आहेत. 'की' पोटवाक्याच्या आधी येतो, पुष्कळ अभ्यासक त्याचं नातं फारसीशी जोडतात. 'म्हणून' मागून येतो, तो 'म्हणणे'पासूनचा. कन्नडमध्येही 'अंत' हा म्हणण्यावरूनच आलेला शब्द वाक्याच्या शेवटी बसतो. उत्तरेची एक रीत, दक्षिणेची एक, आणि आपण मधोमध! म्हणून आपली आजी दोन्ही वापरते : 'तो म्हणाला की मी येतो म्हणून.' 'कारण की'सुद्धा त्यातलंच, आणि ते एकोणिसाव्या शतकातल्या छापील गद्यातही सापडतं. हा काही आपलाच अडाणीपणा नव्हे बरं का. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर 'व्हेन'च्या मागे 'दॅट' लावून लिहायचा, आणि डच लोक बोलताना आजही 'ऑफ' आणि 'दात' हे दोन जोडशब्द लागोपाठ ठेवतात. तिथल्या शाळेतही ते अशुद्धच समजतात.

दादोबा नुसते व्याकरणकार नव्हते. सुरतेला शिक्षक असताना १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. तिचे सभासद जातिभेद मोडायचे, पण गुप्तपणे. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाल्ला तरी वाळीत पडण्याचे दिवस होते ते. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली आणि सभा विस्कटली. मला इथे नेहमी थोडं खटकतं. भाषेचे नियम उघडपणे छापणारा माणूस समाजाचे नियम मात्र दाराला कडी लावून मोडत होता. पण कडी न लावता मोडणारे तेव्हा होते तरी किती? त्यांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापला, तो मात्र उघडपणे.

मध्यंतरी दादोबा मुंबईच्या नॉर्मल स्कूलचे, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेचे प्रमुख होते. नंतर अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले, रावबहादूर किताब मिळाला. मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनी टीका लिहिली. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी ते वारले. त्यांचं आत्मचरित्र अपुरंच राहिलं; अ. का. प्रियोळकरांनी ते १९४७ मध्ये संपादून छापलं.

त्या मुलाच्या वहीतली लाल रेघ मी खोडली नाही, परीक्षेत गुण जातात. शेजारी पेन्सिलीने लिहिलं : बोलताना चालेल.