रंगशाळेतून औषधशाळेकडे : प्रा. त्रिभुवनदास गज्जर

औषधांचा शोध लावणाऱ्यांना जगात मोठमोठी पारितोषिके मिळतात. १९८८ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक जेम्स ब्लॅक, गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज या तिघांना मिळाले, ते औषधोपचाराची नवी तत्त्वे शोधल्याबद्दल. त्यापूर्वी १९३९ साली ते गेरहार्ड डोमाक यांना जाहीर झाले होते, एका तांबड्या रंगद्रव्याचा जंतुनाशक गुण ओळखल्याबद्दल. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेसाठी ही नावे मी घोकून ठेवली होती. पण आपल्या देशात औषधाचा पहिला कारखाना काढणाऱ्या पिढीत कोण कोण होते, असे कोणी विचारले असते तर मी गप्पच बसलो असतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बडोद्याला मावशीकडे गेलो होतो. एके दिवशी काकांबरोबर स्कूटरवरून जात असताना ‘अलेंबिक रोड’ अशी पाटी दिसली. हे कुणाचे आडनाव की गावाचे नाव, असे मी विचारले. काका हसले. अलेंबिक म्हणजे अर्क काढायचे जुने भांडे, मूळ शब्द अरबी, असे त्यांनी सांगितले. शाळेत ‘ऊर्ध्वपातन’ शिकलो होतो, तेच ते. त्याच नावाची औषधांची कंपनी या रस्त्यावर असून ती एका प्राध्यापकाने आणि त्याच्या दोन विद्यार्थ्यांनी काढली, हेही त्यांनीच सांगितले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. प्राध्यापकाने कंपनी काढली या गोष्टीचे मला फार नवल वाटले, आणि परत आल्यावर मी ग्रंथालयात त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याविषयी मिळेल ते वाचू लागलो.

गज्जर यांचा जन्म १८६३ साली सुरतेस झाला. जात सुताराची. हातात मोजणीचा गज धरणारा तो गजधर, त्यावरून गज्जर, असे सांगतात. वडील कल्याणदास हे लाकूडकामाचे व बांधकामाचे जाणकार होते. म्हणजे मुलगा लहानपणापासून रंधा, करवत, माप यांच्या संगतीत वाढला. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्याने रसायनशास्त्राचा अभ्यास केला. त्या काळी शिकून सवरून वर आलेल्या माणसाला हातातले हत्यार टाकून देण्याची घाई असे. गज्जर यांनी तसे केले नाही. रसायनशास्त्र शिकून झाल्यावर ते पुन्हा कारागिरांकडेच वळले.

१८८६ साली ते बडोदा कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. बडोद्याच्या गादीवर तेव्हा सयाजीराव महाराज होते. नाशिककडच्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातून दत्तक आलेला हा राजा आणि सुरतेच्या सुताराच्या घरातून आलेला हा प्राध्यापक, दोघेही १८६३ सालचे. वयाने बरोबरीचे असल्यामुळे दोघांचे जमले, असे म्हणण्यात अर्थ नाही, पण दोघांनाही एकाच गोष्टीची चिंता होती. विलायतेहून कापड येत होते, रंग येत होते, औषधे येत होती, आणि आपले विणकर, रंगारी, सुतार बसून होते.

त्यांतल्या रंगाची गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण पुढची औषधांची गोष्ट तिच्यातूनच निघते. आपल्याकडचे रंगारी मंजिष्ठासारख्या मुळांपासून तांबडा आणि निळीच्या झाडापासून निळा रंग काढीत. जर्मनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी हेच रंग डांबरातून निघणाऱ्या पदार्थांपासून बनवायला सुरुवात केली. मंजिष्ठेचा तांबडा रंग १८६९ च्या सुमारास प्रयोगशाळेत तयार झाला आणि १८९७ साली कारखान्यात तयार केलेली नीळ बाजारात आली. स्वस्त, एकसारखा आणि पक्का रंग! आपल्या रंगाऱ्यांचे पिढीजात ज्ञान त्यापुढे टिकेना. गज्जर यांनी ओळखले की यावर रडत बसण्यात हशील नाही. नवे रंग कसे वापरायचे, कोणत्या कापडाला कोणता क्षार आधी लावायचा, हे रंगाऱ्याला शिकवले पाहिजे. आणि ते त्याला समजेल अशा भाषेत.

जून १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झाले. गज्जर त्याचे पहिले प्राचार्य. चित्रकला, सुतारकाम, रंगकाम आणि छपाई, यंत्रकाम असे विषय तेथे होते, आणि शिक्षण मातृभाषेतून होते. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण १८९० साली रसायनशास्त्रासारखा विषय इंग्रजी न येणाऱ्या मुलास शिकवायचा म्हणजे शब्दांपासून तयारी. गज्जर यांनी शास्त्रीय संज्ञांचा अनेक भारतीय भाषांतील कोश हाती घेतला, शास्त्रीय विषयांवरील ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही पुस्तकमाला काढली, रंगकामावर ‘रंगरहस्य’ नावाचे नियतकालिक चालवले.

हे वाचताना मला माझा कॉलेजातला पहिला महिना आठवला. माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठीत झाले. कंपाउंड इंटरेस्ट काढून दाखवा, असे सर म्हणाले तेव्हा मी खाली मान घालून बसलो. फळ्यावर गणित पडले आणि कळले की हे तर चक्रवाढ व्याज, मला तोंडपाठ असलेले! येत असूनही येत नाही असे ठरण्याचा तो अनुभव मी अजून विसरलेलो नाही. घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या आमच्या भागातल्या पुष्कळ मुलांना तो आलेला असेल. गज्जर यांच्या समोरचा रंगारी याच जागी होता. त्याला रंग येत होता, फक्त रंगाचे इंग्रजी नाव येत नव्हते.

कलाभवनाच्या विद्यार्थ्यांत एक नाव मराठी वाचकांना चांगलेच परिचयाचे आहे. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे पुढे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढणारे दादासाहेब फाळके. त्यांची छायाचित्रणाची आवड पाहून गज्जर यांनी त्यांना संस्थेचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू दिली. फोटोची काच धुणे हेही शेवटी रसायनच.

१८९६ साली गज्जर बडोदा सोडून मुंबईस आले आणि विल्सन कॉलेजात शिकवू लागले. वर्ष लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला. त्याच वर्षी चाफेकर बंधूंनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली. हा पुतळा मूळ बडोद्याचेच खंडेराव गायकवाड यांनी दिलेला. डांबर संगमरवरात मुरले, काही केल्या निघेना. अखेर १८९८ साली गज्जर यांनी रसायनांच्या साहाय्याने तो स्वच्छ केला आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

हा प्रसंग वाचून मी काही वेळ थांबलो. त्याच १८९८ च्या एप्रिलमध्ये दामोदर चाफेकरांना रँडच्या वधाबद्दल फाशी झाली होती. एकाने प्राण पणाला लावून फासलेले डांबर दुसऱ्याने विद्या पणाला लावून पुसले. आपली सहानुभूती कोणाकडे जावी? माझी तर चाफेकरांकडेच गेली, हे कबूल करतो. पण गज्जर यांना केवळ सरकारधार्जिणे म्हणून बाजूला सारणेही मला जमले नाही. संगमरवराच्या आत शिरलेला काळा डाग दगडाला धक्का न लावता कसा काढायचा, हा प्रश्न रंग आणि डाग यांत आयुष्य घालवलेल्या रसायनशास्त्रज्ञाला स्वस्थ बसू देणारा नव्हता. आणि ज्या प्लेगच्या बंदोबस्ताच्या जुलमातून रँडचा वध घडला, त्याच प्लेगवर गज्जर त्या काळात औषध शोधत होते.

ते औषध आयोडिनचे होते, आयोडिन ट्रायक्लोराइड. आयोडिनने जंतू मरतात हे ठाऊक होते, आणि प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे सापडलेला होता. रोग्याच्या शरीरातल्या जंतूला रसायनाने गाठावे, ही कल्पना त्या काळी नवीन होती. त्याच सुमारास जर्मनीत पॉल एर्लिख हाच विचार करीत होते. कापड रंगवताना एखादा रंग एकाच धाग्याला धरतो आणि दुसऱ्याला सोडतो. तसा जंतूला धरील व माणसाला सोडील असा पदार्थ सापडेल का? १८९१ साली त्यांनी मेथिलीन ब्ल्यू हा निळा रंग हिवतापाच्या रोग्यांना देऊन पाहिला, आणि १९१० साली उपदंशावरचे साल्व्हर्सन बाजारात आले. सुरुवातीस उल्लेखिलेले डोमाकही याच वाटेचे वाटसरू. रंगाच्या कारखान्यांतून औषधाचे कारखाने निघाले ते असे. गज्जर यांची पावलेही त्याच दिशेने पडत होती, फक्त त्यांच्या पाठीशी जर्मन कारखानदार नव्हते.

प्लेगवर त्यांच्या औषधाचा प्रभाव पडला असे म्हणता येत नाही. लोकांपर्यंत पोहोचली ती हाफकिन यांची लस. आपल्या हुबळीतच १८९८ साली हजारो लोकांना ती टोचण्यात आली. प्लेग खरोखर बरा करणारे औषध यायला स्ट्रेप्टोमायसिनपर्यंत, म्हणजे आणखी जवळजवळ पन्नास वर्षे, वाट पाहावी लागली.

शतक पालटण्याच्या सुमारास गज्जर यांनी मुंबईत स्वतःची टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी काढली. सरकारी नव्हे, कॉलेजची नव्हे, स्वतःची! रंग उडालेले, पिवळे पडलेले मोती पुन्हा पांढरे करण्याची कृती त्यांनी शोधली. मुंबईच्या मोतीबाजारात तिला किती मागणी आली असेल, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्यास सांगायला नको. पण मला मोत्यांपेक्षा त्यांच्या विद्यार्थ्यांची हकीकत अधिक मोलाची वाटते.

भाईलाल दाजीभाई अमीन आणि ए. एस. कोटिभास्कर हे गज्जर यांचे दोन विद्यार्थी. एक गुजराती, एक मराठी. गुरूला बरोबर घेऊन त्यांनी १९०७ साली अलेंबिक केमिकल वर्क्स ही कंपनी स्थापन केली आणि बडोद्यात मद्यार्क व टिंक्चरे तयार करण्यास आरंभ केला. मद्यार्क का, हा प्रश्न मला पडला होता. वनस्पतीतले औषधी द्रव्य पाण्यात नीट उतरत नाही, मद्यार्कात उतरते आणि टिकते. तेव्हाच्या दवाखान्यातली बहुतेक बाटलीबंद औषधे अशी मुरवलेली टिंक्चरे असत. म्हणजे ज्याच्याजवळ शुद्ध मद्यार्क नाही, त्याला औषधे परदेशातूनच मागवावी लागणार. या तिघांनी मुळालाच हात घातला. औषध शोधण्याआधी औषध बनवता आले पाहिजे, आणि ते बनवण्याआधी ज्यात ते मुरवायचे तो मद्यार्क. कलकत्त्यास आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची बेंगॉल केमिकल १९०१ साली मर्यादित कंपनी झाली होती. राय हेही रसायनशास्त्राचे प्राध्यापकच. नफ्यातोट्याच्या हिशेबात मुरलेल्या व्यापाऱ्यांना जे सुचले नाही ते या दोन मास्तरांना सुचले, याचे आमच्या शाखेने थोडे वाईट वाटून घ्यावे.

गज्जर १९२० साली वारले. साल्व्हर्सनसारखे एखादे औषध त्यांच्या नावावर नाही आणि जागतिक पारितोषिकांच्या यादीत त्यांचे नाव सापडणार नाही. ते गेल्यानंतर अलेंबिक वाढत गेली, १९६१ साली तिचा पेनिसिलिनचा कारखाना सुरू झाला. कलाभवन १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील होऊन त्याची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा झाली.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी मावसभावाबरोबर कलाभवन पाहायला गेलो. सुट्टीमुळे आवार रिकामे होते. येथे आता कोणत्या भाषेतून शिकवतात, असे मी त्याला विचारले. इंग्रजीतून, तो म्हणाला, आणि माझ्या प्रश्नाचे त्यालाच नवल वाटले. मग मी त्याला ‘रंगरहस्य’विषयी सांगू लागलो. दांडिया बाजारातून घरी पोहोचेपर्यंत माझे सांगणे संपले नव्हते.