युरी गागारिनच्या बाहीवरचा आरसा

अंतराळात गेलेला पहिला माणूस कोण, हे आपण शाळेतच पाठ केलेलं असतं. पण तो अंगावर काय घालून गेला होता? मला तर ही गोष्ट जास्त भारी वाटते.

युरी गागारिनचा जन्म ९ मार्च १९३४ चा, रशियातल्या क्लुशिनो गावातला. वडील सुतार. महायुद्धात जर्मन सैन्याने घर बळकावलं आणि कुटुंब मातीच्या खोपटात राहिलं. पुढे युरी ओतकाम शिकला, सारातोवच्या फ्लाइंग क्लबमध्ये विमान चालवू लागला आणि हवाई दलात गेला.

१२ एप्रिल १९६१ ला व्होस्तोक-१ मधून पृथ्वीला एक फेरी मारून तो १०८ मिनिटांत खाली आला. कल्याणहून धीम्या लोकलने सीएसएमटीला जायला लागतात त्यापेक्षा जेमतेम पंधरा-वीस मिनिटं जास्त!

आता त्याच्या अंगावरच्या वस्तू बघा.

आरसा: हेल्मेट सूटलाच जोडलेलं, त्यामुळे मान वळवून सगळं दिसत नसे. म्हणून बाहीवर छोटा आरसा शिवलेला. हात फिरवला की नजरेआडची बटणं आणि काटे दिसायचे.

घड्याळ: श्तुर्मान्स्किये, सोव्हिएत वैमानिकांचं, चावी द्यायचं. चार्जिंगची भानगडच नाही.

नारिंगी पोशाख: सुमारे ७ किलोमीटर उंचीवर यानातून बाहेर फेकलं जाऊन त्याला पॅराशूटने एकट्याने उतरायचं होतं. शोधणाऱ्यांना तो लांबून दिसायला हवा.

हेल्मेटवरची अक्षरं: वर्षभरापूर्वीच तिथे अमेरिकेचं हेर विमान पाडलं होतं. गागारिनला कुणी हेर समजू नये म्हणून हेल्मेटवर देशाचं नाव लाल रंगात रंगवलं. तरीही शेतातली एक आजी आणि तिची नात त्याला बघून घाबरल्याच!

त्याच वर्षाच्या अखेरीस तो भारतात, आपल्या मुंबईतही येऊन गेला. २७ मार्च १९६८ ला मिग-१५ च्या सराव उड्डाणात अपघात झाला आणि तो गेला. वय फक्त ३४.

मॉस्कोजवळच्या स्टार सिटीतल्या संग्रहालयात त्याचं ऑफिस जपून ठेवलंय. लष्करी ओव्हरकोट टांगलेला, घड्याळ अपघाताच्या वेळेवर थांबवलेलं. उड्डाणाआधी अंतराळवीर तिथे जाऊन वहीत सही करतात. राकेश शर्मा आणि गगनयानचे चौघे वैमानिक याच स्टार सिटीत शिकले.

आणि तो आरसा? आज सोयुझमधून जाणाऱ्यांच्या मनगटावरही असाच एक छोटा आरसा असतो.