टेलिपथी शोधायला निघाला आणि मेंदूच्या लहरी सापडल्या! ईईजीच्या जनकाची गोष्ट

मंडळी, फिट येणाऱ्या पेशंटच्या डोक्याला तारा चिकटवून ईईजी काढतात, हे तुम्ही ऐकलं असेलच. हृदयाचा जसा ईसीजी, तसा मेंदूचा ईईजी. माणसाचा पहिला ईईजी काढला हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने. पण त्याला शोधायचं होतं भलतंच काहीतरी!

बर्गरचा जन्म १८७३ चा. कॉलेज अर्धवट सोडून तो सैन्यात गेला. तिथे सरावात तो घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता थोडक्यात वाचला. त्याच संध्याकाळी घरून तार आली, तू ठीक आहेस ना? दूर असलेल्या त्याच्या बहिणीला अचानक वाटलं होतं की भावावर संकट आलंय. तिच्या हट्टाखातर वडिलांनी ती तार केली होती.

कुणी याला योगायोग म्हणालं असतं. बर्गरला मात्र खात्री पटली की आपला विचार तिच्यापर्यंत पोचला. मग मनाची ही ऊर्जा मोजायचीच, असं ठरवून तो डॉक्टर झाला आणि येना शहरातल्या मनोरुग्णालयात रुजू झाला. मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, तापमान मोजलं, हाती फारसं काही लागलं नाही. पुढे तो त्याच रुग्णालयाचा प्रमुख झाला, पण नाद सुटला नाही.

शेवटी त्याने विजेकडे मोर्चा वळवला. प्राण्यांच्या मेंदूत वीज असते हे इंग्लंडच्या रिचर्ड केटनने १८७५ मध्येच दाखवलं होतं. माणसाच्या डोक्यावर मिळणारा सिग्नल मात्र फारच क्षीण. एका व्होल्टचे एक लाख भाग केले, तर त्यातले जेमतेम काही भाग! ६ जुलै १९२४ रोजी एका १७ वर्षांच्या पेशंटवर त्याला पहिलं यश आलं. तरीही खात्री करण्यात पाच वर्षं गेली. स्वतःचा मुलगा क्लाऊस याच्या डोक्यालाही त्याने कितीतरी वेळा तारा लावल्या.

१९२९ मध्ये त्याने शोध जाहीर केला. डोळे मिटून शांत बसलं की सेकंदाला साधारण १० लहरी उमटतात, डोळे उघडले की त्या मावळतात. याच अल्फा लहरी. सुरुवातीला अनेकांनी त्याकडे दुर्लक्ष केलं. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एडगर एड्रियन या नोबेलविजेत्याने प्रयोग करून दुजोरा दिला, तेव्हा कुठे जगाने दखल घेतली.

टेलिपथी काही सापडली नाही. पण मेंदू झोपेतही गप्प नसतो, हे याच तंत्रामुळे कळलं. पुढे शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूत आतपर्यंत बारीक तारा सोडल्या. उंदीर चालू लागला की हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवणारा भाग, आणि त्याच्या शेजारचा, जागेचा नकाशा ठेवणारा भाग, दोन्हीकडे सेकंदाला सुमारे ८ लहरींचा एकच ठेका सुरू होतो. याला थीटा लहरी म्हणतात. उंदीर गाढ झोपला की हा ठेका थांबतो आणि मधूनमधून अतिवेगवान लहरी उसळतात. १९९४ मध्ये दिसलं की फिरताना ज्या पेशी एकत्र जाग्या झाल्या होत्या, त्याच झोपेत पुन्हा एकत्र जाग्या होतात. जणू दिवसभराच्या वाटेची उजळणीच! मेंदूतल्या या नकाशाच्या शोधाला २०१४ चं नोबेल मिळालं.

आता गोष्टीची काळी बाजू. बर्गर नाझींचा बळी होता, असं अनेक वर्षं सांगितलं जायचं. कागदपत्रं वेगळंच सांगतात. तो एसएस या नाझी संघटनेचा वर्गणीदार सदस्य होता. शिवाय रुग्णांची सक्तीने नसबंदी करायची की नाही हे ठरवणाऱ्या वरिष्ठ न्यायालयातही तो बसायचा. ज्यांच्या आजाराचं निदान ईईजीने सोपं केलं, ते फिटचे रुग्णही त्या कायद्याच्या कचाट्यात येत होते. १९३८ मध्ये तो निवृत्त झाला. नैराश्याने ग्रासलेल्या बर्गरने १ जून १९४१ रोजी आत्महत्या केली.

त्याच्या शोधाने आजवर असंख्य रुग्णांना मदत झाली, हे खरं. त्याने कुणाची साथ दिली, हेही तितकंच खरं. मंडळी, अशा माणसाला कसं लक्षात ठेवावं? तुमचं मत कमेंटमध्ये नक्की सांगा.